चाळीस अँपिअरचं काम

मोटारीत एक लिटर पेट्रोल जळलं, की त्यातून जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. हे समीकरण शाळेत आपण सगळ्यांनीच दोन्ही बाजू जुळवून सोडवलेलं असतं आणि परीक्षा संपल्यावर त्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. ते पाणी वाफ होऊन मागच्या नळीतून निघून जातं. मात्र त्यासाठी नळी आधी तापावी लागते, आणि ती तापायची तर गाडी जरा लांब जावी लागते. आमची मारुती आठशे लांब जात नाही. मंडई, बँक, नातीची शाळा आणि चतुर्थीला सारसबाग, एवढाच तिचा परीघ. इंजिनाला कुठे ऊब येतेय तोवर आम्ही पोचलेलो असतो. मग त्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, ते सायलेन्सरच्या पोटात साचतं, धुरातली आम्लं त्यात उतरतात आणि पत्रा आतून बाहेर सडत येतो. म्हणजे मुंबई-गोवा धावणाऱ्या टॅक्सीचा सायलेन्सर टिकतो आणि जपून वापरलेल्या गाडीचा जातो. "गाडी अगदी कमी चाललीये हो," असं सांगून जुनी गाडी विकणाऱ्याला हे ठाऊक नसतं. घेणाऱ्यालाही नसतं, म्हणून व्यवहार होतो.

आमचा सायलेन्सर गेला तो पावसाळ्याच्या तोंडावर. तीन सिलिंडरचं, ७९६ सीसीचं ते सोशिक इंजिन एका सकाळी बुलेटच्या सुरात बोलू लागलं. सोसायटीचा वॉचमन एरवी मला बघून खुर्चीतून हलत नाही. त्या दिवशी त्याने धावत येऊन गेट उघडलं. पहिले दोन दिवस मला तो आवाज आवडला, हे कबूल करायला हरकत नाही. आयुष्यभर दुसऱ्याला वाट देत गाडी चालवलेल्या माणसाला पुढचे लोक आपणहून बाजूला होताना बघणं बरं वाटतं.

सायलेन्सरच्या इतिहासात एक गंमत आहे. हायरम मॅक्सिम या गृहस्थांनी १८८४ साली मशीनगन शोधली आणि तिच्या आवाजाने स्वतःचे कान घालवले. त्यांच्या मुलाने, हायरम पर्सी मॅक्सिमने, १९०९ साली बंदुकीच्या सायलेन्सरचं पेटंट घेतलं आणि पुढे तेच तत्त्व इंजिनांच्या धुराड्यांना लावलं. वडिलांनी केलेला आवाज मुलाने निस्तरायचा, ही रीत फक्त आपल्याकडची नाही तर.

पण आवाज ही यातली करमणुकीची बाजू झाली. फुटक्या सायलेन्सरमधून निघालेला कार्बन मोनॉक्साइड गाडीखालून आत शिरू शकतो. त्याला ना रंग, ना वास. मागच्या सीटवर नात बसते. तेव्हा दुरुस्ती करायचीच होती. प्रश्न एवढाच, की कुणी करायची.

शहाण्या माणसाने अशा वेळी नाना पेठेत जावं. तिथे नवा सायलेन्सर मिळतो, आणि नवा नको असेल तर जुन्याला गॅसने पितळ मारून देणारे मिस्त्रीही मिळतात. चहा येईपर्यंत काम होतं. मी मात्र घरी वेल्डिंग मशीन आणायचं ठरवलं. नवा सायलेन्सर ज्या किमतीत येतो त्या किमतीत मशीनसोबतचे हातमोजे आणि चष्मे फार तर येतील, हे घरातून मला दोनदा सांगण्यात आलं. "अहो, एक भोक बुजवायला कारखाना कशाला?" हा प्रश्न बिनतोड होता, म्हणून मी त्याला उत्तर दिलं नाही. निवृत्त माणसाला हत्यारं का घ्यावीशी वाटतात, यावर कुणीतरी संशोधन करायला हवं. मी ते करणार नाही. मला मशीन बघायला जायचं होतं.

रविवार पेठेतल्या बोहरी आळीत दुकानदार आपल्याला 'काय काम आहे' असं विचारत नाही. तो विचारतो, "किती अँपिअर?" आणि आपण काही बोलायच्या आत स्वतःच सांगतो, "दोनशे घेऊन जा. सगळं होतं." शेजारच्या दुकानात अडीचशे होतं. त्याच्या पलीकडे चारशेचं निघालं, आणि ते दोनशेवाल्यापेक्षा आकाराने लहान होतं. तो आकडा ठळक लाल रंगात, डब्याच्या चारही बाजूंना. आपण पुरुषमंडळी अशा आकड्यांपुढे फार लवकर वाकतो. मीही मनातल्या मनात चारशेचं मशीन पार्किंगमध्ये ठेवून पाहिलं. छान दिसत होतं.

वाचवलं ते आमच्या मागच्या बंगल्यातल्या सरांनी. ते आयटीआयमधून शिल्प निदेशक म्हणून निवृत्त झाले. वेल्डर ट्रेडचा अभ्यासक्रम एक वर्षाचा, म्हणजे नोकरीच्या प्रत्येक वर्षी नव्या पोरांची नवी तुकडी, आणि प्रत्येक तुकडीला पहिल्या दिवसापासून तेच सांगायचं. त्यामुळे त्यांची वाक्यं झिजून आखूड झाली आहेत. मी त्यांना चारशेचं कौतुक सांगितलं. ते म्हणाले, "घरात सॉकेट कितीचं?"

गिझरचं, जाड पिनांचं, सोळा अँपिअरचं.

मग त्यांनी वर्तमानपत्राच्या कडेला हिशेब मांडला. काडीच्या वेल्डिंगला २०० अँपिअर सोडले तर ठिणगीपाशी साधारण २८ व्होल्ट धरतात. झाले ५६०० वॉट, तेही मशीनमध्ये वाया जातं ते सोडून. घरातलं सॉकेट २३० व्होल्टने १६ अँपिअर देणार, म्हणजे ३७०० वॉटच्या आत. "उरलेले वॉट दुकानदार घरपोच देणार आहे का?" सरांनी विचारलं. चारशेचा हिशेब त्यांनी मांडलाच नाही.

"शिवाय दोनशे किती वेळ चालणार ते बघितलंत का?" ते मी बघितलं नव्हतं. मशीनच्या पाठीमागे, जिथे कुणी बघत नाही अशा ठिकाणी, बारीक अक्षरांत टक्केवारी लिहिलेली असते. तिला ड्यूटी सायकल म्हणतात. साठ टक्के म्हणजे दहा मिनिटांपैकी सहा मिनिटं काम आणि चार मिनिटं विश्रांती. चांगल्या कंपन्या हा आकडा बाहेर ४० अंश तापमान आहे असं धरून देतात. आपला वैशाख त्यात बसतो. सवंग कंपन्या तो थंड खोलीत बसून काढतात. ज्यांच्या डब्यावर ही टक्केवारीच नाही त्यांच्याबद्दल सर काही बोलले नाहीत, नुसता चष्मा पुसला.

मग ते खाली आले, गाडीखाली वाकले आणि खिशातून व्हर्नियर काढला. या माणसाच्या खिशात व्हर्नियर असतो. सडलेल्या भागापासून दूर, शाबूत पत्र्याच्या कडेला त्यांनी मोजलं. सव्वा मिलिमीटरच्या आसपास.

"चाळीस अँपिअरचं काम आहे," सर म्हणाले. "फार तर पन्नास. मशीन किती वर जातं ते विचारू नका. किती खाली येतं ते विचारा."

माझ्या मते वेल्डिंग मशीनच्या खरेदीबद्दल इतकं नेमकं कुणी बोललेलं नाही, आणि डब्यावर छापावं असं वाक्य हेच. पण ते कुणी छापणार नाही, कारण 'चाळीसवर शांतपणे चालतं' या गुणाला बाजारात भाव नाही. वीस ते दोनशे असं लिहिलेलं असतं खरं, पण वीसवर आणलं की अनेक मशीनांची ठिणगी नुसती फुरफुरते, विझते, पुन्हा पेटते. पातळ पत्र्यावर ती स्थिर राहते का, हे दुकानात उभं राहून करून बघावं लागतं. दुकानदाराला ते आवडत नाही. त्याच्याकडे वेल्डिंग करून दाखवायला जाड अँगलचे तुकडे ठेवलेले असतात. पातळ पाइप ठेवलेला नसतो.

आता मशीनच्या जातींकडे येतो. सगळ्यांत स्वस्त आणि साधी ती काडीची. तिच्यामागे थोर परंपरा आहे. स्वीडनमध्ये ऑस्कर शेलबर्ग नावाचा एक इंजिनिअर जहाजांचे बॉयलर दुरुस्त करायचा. उघड्या तारेने केलेलं झाळकाम हवेमुळे सच्छिद्र आणि ठिसूळ होतं, हे त्याच्या लक्षात आलं. त्याने तार खनिजांच्या दाट लगद्यात बुडवून वाळवली. ठिणगी पेटली की तो लेप जळून धुराचं कवच तयार होतं आणि वितळलेल्या लोखंडाला हवा लागत नाही. त्याने १९०४ साली काढलेली कंपनी आज ईसाब या नावाने जगभर आहे, आणि आपल्या कोपऱ्यावर ग्रिल बनवणारा जी काडी वापरतो तिचा लेप त्या लगद्याचाच वंशज आहे. काडीला वारा चालतो, थोडा गंज चालतो, रस्त्यावरची धूळ चालते. तिला न चालणारी गोष्ट एकच, पातळ पत्रा. ग्रिलवाल्यांची नेहमीची दहा नंबरची काडी म्हणजे तीन मिलिमीटरहून थोडी जाड. ती सव्वा मिलिमीटरच्या पाइपला लावली की भोक पडतं. ते भरायला गेलं की शेजारी दुसरं पडतं. बारा नंबरची अडीच मिलिमीटरची, किंवा शोधून आणलेली दोनची काडी घेऊन, नुसते ठिपके मारत जमवणारे हात असतात. सरांचे आहेत. माझे नाहीत, आणि साठीनंतर ते तसे होतील अशी सरांनाही आशा वाटली नाही.

चाकणच्या कारखान्यात असलेला माझा भाचा म्हणाला, "मामा, तू सरळ आर्गन घे." आर्गन म्हणजे टिग वेल्डिंग. एका हातात टंगस्टनच्या टोकाची टॉर्च, दुसऱ्या हातात तार, आणि पायाखाली पेडल असेल तर उत्तमच. १९४० च्या दशकात अमेरिकेत मॅग्नेशियमची विमानं जोडायला ही पद्धत काढली. तिने जोडलेला स्टेनलेसचा पाइप बघत राहावा असा होतो, हे खरं. पण पत्रा आरशासारखा स्वच्छ हवा, आतूनही आर्गन सोडायला हवा, आणि मुख्य म्हणजे विमान हवं. माझ्याकडे मारुती होती. भाच्याच्या कारखान्यात हे काम रोबो करतात, त्यामुळे त्याला सगळंच सोपं वाटतं.

नाना पेठेतल्या मिस्त्रींचं गॅस वेल्डिंग मात्र या कामाला फार योग्य. ऑक्सिजन आणि ॲसिटिलीनची ज्योत हळू तापवते, पत्रा लाल होताना दिसतो, हात मागे घेता येतो. पण ते दोन सिलिंडर घरात ठेवायचे म्हणजे सेक्रेटरींना तोंड देणं आलं, आणि आमचे सेक्रेटरी पार्किंगमध्ये रद्दी ठेवली तरी नोटीस लावतात.

राहिलं सीओटू. पुस्तकात त्याला मिग म्हणतात, वर्कशॉपमध्ये कुणी म्हणत नाही. टॉर्चचा खटका दाबला की रिळावरची बारीक तार आपोआप पुढे येत राहते आणि तिच्याभोवती वायूचं कवच असतं. एक हात मोकळा राहतो, खटका सोडला की सगळं थांबतं. पातळ पाइपाला हेच हवं असतं: दाबा, एक टाका मारा, सोडा, लाली उतरू द्या, मग समोरच्या बाजूला दुसरा टाका. तार ०.८ मिलिमीटरची घ्यावी, ०.६ची मिळाली तर आणखी बरं. वायू नुसता कार्बन डायऑक्साइड चालतो. त्यात आर्गनची मोठी भेसळ असेल तर ठिणग्या कमी उडतात. ज्यांना सिलिंडरच नको त्यांच्यासाठी पोटात पूड भरलेली पोकळ तार मिळते. शेलबर्गचा लेप बाहेरून आत गेला, एवढंच. तिचा धूर फार आणि शिंतोडे त्याहून फार, पण उघड्या पार्किंगच्या वाऱ्यात वायूचं कवच उडून जातं तिथे ही तार टिकते. मात्र ती लावताना मशीनच्या आतल्या दोन वायरी उलटसुलट जोडायच्या असतात, टॉर्च ऋण बाजूला. हे बहुतेक माहितीपत्रकांत शेवटच्या पानावर असतं.

मी दोन्ही तारा चालणारं छोटं मशीन घेतलं. दुकानदाराने डब्यावरचा आकडा माझ्या दृष्टीस पडू नये म्हणून तो भिंतीकडे वळवला होता. त्याला वाटलं मी नाराज होईन.

मशीन निवडून संपलं असं नाही, हे सरांनी पहिल्याच संध्याकाळी सांगितलं. निवड मशीनची करतात, आणि काम बिघडतं ते पत्र्यापाशी. गंजाला लोखंड चिकटत नाही. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकत जायचं. शाबूत पत्रा खणखणतो, सडलेला बद्द वाजतो. जिथे खणखणतो तिथपर्यंत कापून काढायचं, ग्राइंडर मारून चकचकीत करायचं, आणि मगच पॅच. विरलेल्या कापडाला ठिगळ लावायचं तर टाका शाबूत कापडात घ्यावा लागतो, हे आमच्या आजीला कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला सर शिकवत होते. पॅचसाठी मी माळ्यावरच्या नळाच्या पाइपाचा तुकडा काढून ठेवला होता. तो त्यांनी दुरूनच नाकारला. नळाच्या पाइपाला जस्ताचा मुलामा असतो. तो जळला की पांढरा धूर निघतो, आणि तो छातीत गेलेला माणूस रात्री थंडी वाजून तापाने फणफणतो. "आमच्या शेडमध्ये पोरांना आधी हे सांगायचो," ते म्हणाले, "आणि दरवर्षी एकजण तरी करून बघायचाच."

बाकीचे नियम त्यांनी माझ्याकडून म्हणून घेतले. आधी बॅटरीची तार सोडवायची, नाहीतर अल्टरनेटरचे डायोड जातात, आणि नव्या गाड्यांत संगणकही. अर्थिंगचा चिमटा कामाच्या जवळ लावायचा. पेट्रोलची टाकी सायलेन्सरपासून लांब नसते, म्हणून गाडीवर नुसते दोन टाके मारून माप पक्कं करायचं, पाइप उतरवायचा आणि उरलेलं काम टाकीपासून लांब, ओट्यावर. सायलेन्सर ज्या रबरांवर टांगलेला असतो ती आधी काढायची. वाळूची बादली जवळ. डोळ्यांवर आपोआप काळी होणारी काच. त्या काचेवर मात्र पैसे वाचवायचे नाहीत. ठिणगी उघड्या डोळ्यांनी पाहिली तर त्या क्षणी काही होत नाही; रात्री डोळ्यांत वाळू खुपते आणि घरातले लोक बटाट्याचे काप घेऊन धावतात.

रविवारी सकाळी काम निघालं. सेक्रेटरी लांब उभे राहून बघत होते, म्हणजे परवानगी होती. ठोकून बघताना मागच्या डब्यावर पाच भोकं निघाली. चार वेडीवाकडी, कडा कुरतडलेल्या. पाचवं अगदी तळाशी, बारीक, नेमकं गोल. मी खडूने पाचांभोवती वर्तुळं काढली. सरांनी वाकून पाचवं वर्तुळ अंगठ्याने पुसलं.

"ते कंपनीने पाडलेलं आहे. पाणी जायला."

एक लिटर पेट्रोलचं एक लिटर पाणी. त्यातलं जे उरेल त्याने निघून जावं, म्हणून ती वाट. कितीतरी गाड्यांची ही भोकं लोक गळती समजून प्रेमाने बुजवतात आणि पुढच्या पावसाळ्याच्या आत नवा सायलेन्सर घेतात. उरलेल्या चारांना पॅच बसले. माझे टाके बघून सर बराच वेळ गप्प होते. मग बोटाने चाचपून म्हणाले, "धरेल." वॉचमन त्या दिवसापासून पुन्हा खुर्चीतच बसतो.

मशीन घरात आहे ही बातमी मात्र सोसायटीत माझ्या आवाक्याबाहेर पसरली. आधी सायकलचं स्टँड आलं, मग तुळशीच्या कुंडीची तिवई, मग गच्चीच्या दाराची बिजागरी. सेक्रेटरींनी नोटीस-बोर्डाची चौकट आणली, तीही रविवारच्या आत हवी म्हणून. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू बिडाचा तवा घेऊन आल्या. काठापासून मध्यापर्यंत तडा. मी सरांना बोलावलं. त्यांनी तवा हातात घेऊन वाजवला आणि मान हलवली. बिडाला साधी तार चालत नाही, गार होताना शेजारून दुसरा तडा जातो. निकेलची काडी लागते, तवा आधी सावकाश तापवावा लागतो, टाका मारल्यावर हातोडीने हलकेच ठोकत बसावं लागतं. आणि निकेलच्या काडीला काडीचं मशीन लागतं. माझं तारेचं.

"काकू, त्या खर्चात दोन नवे तवे येतील," मी म्हणालो.

"तवा आमच्या सासूबाईंचा आहे," काकू म्हणाल्या. आमच्या घरातून इतका वेळ हे ऐकणारा आवाज बाहेर आला, "अहो, मग तेव्हाच ते दोनशेवालं का नाही घेतलंत?"